बाहेरचे मेल रिले करायचे, पण कोणाचे? पोस्टफिक्सबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कारखान्याच्या ऑफिसात उबुंटूवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे. ईआरपीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) बिलं, झेरॉक्स मशीनचं स्कॅन-टू-मेल आणि रात्रीच्या बॅकअपचा रिपोर्ट त्याच्याकडे येतात आणि तिथेच अडकतात, कारण इंटरनेट कंपनीनं बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल सर्व्हरांचं एकमेकांशी बोलायचं दार, बंद ठेवलंय. माणसांचे मेलबॉक्स त्याच डोमेनवर, पण क्लाउडवर आहेत. बाहेरचे सगळे मेल एका भरवशाच्या सर्व्हरमार्फत पाठवायचे, म्हणजे रिले करायचे आहेत, आणि पोस्टफिक्सनं फक्त ऑफिसातल्या ठरावीक मशीनचं ऐकावं असं हवंय.

यात दोन वेगळी कामं आहेत. तुमचा सर्व्हर कोणाचे मेल उचलतो हे एक, आणि उचललेले मेल कोणाच्या हवाली करतो हे दुसरं. दुसरं काम सहा-सात ओळींचं. त्यात काही चुकलं तर मेल जात नाहीत आणि लॉग (सर्व्हरची नोंदवही) लगेच बोंब मारतो. पहिल्यात चुकलं तर मेल झकास जातात, तुमचेही आणि अनोळखी स्पॅमरचेही. ते कळतं तेव्हा रिले देणाऱ्या कंपनीनं खातं बंद केलेलं असतं. सगळ्या मार्गदर्शिका दुसऱ्या कामापासून सुरू होतात. मी पहिल्यापासून करतो आणि तुम्हीही तसंच करा.

ऑप्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनं, लहान अक्षरांत (फक्त सीएफाइलमधलं सीए कॅपिटल) आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची. सगळी सेटिंग्ज मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये जातात. एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांची मेल द्यायची-घ्यायची भाषा. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा: एसएमटीपीडी अशी सुरुवात असलेली सेटिंग्ज आत येणाऱ्या मेलसाठी, आणि नुसत्या एसएमटीपीनं सुरू होणारी बाहेर जाणाऱ्या मेलसाठी. या एका डी-मुळे लोकांची अख्खी दुपार जाते.

२५ पोर्टसाठी इंटरनेट कंपनीशी भांडत बसू नका. ते उघडून मिळालं तरी तुमच्या आयपीला धड रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, नसतो. शिवाय ब्रॉडबँडच्या बऱ्याच रेंज स्पॅमहाऊसच्या पीबीएल यादीत असतात, म्हणजे जिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही असे पत्ते. यादीत असणं हा काही गुन्हा नाही, पण समोरचे सर्व्हर तुमचा मेल घेणार नाहीत. मशीन क्लाउडवर हलवूनही फार फरक पडत नाही. गूगल क्लाउडवर बाहेरचं २५ पोर्ट सहसा बंदच असतं आणि अ‍ॅमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. लॉगिन करून मेल सोपवण्यासाठी ५८७ पोर्ट १९९८ सालापासून ठरलेलं आहे, आणि सुरुवातीपासूनच टीएलएसमध्ये (एन्क्रिप्ट करून) बोलणाऱ्या ४६५ला इंटरनेटच्या नियमांच्या आरएफसी ८३१४ या दस्तऐवजानं २०१८ साली रीतसर मान्यता दिली. या दोनपैकी एक वापरायचं.

आता पहिलं काम. सगळा खेळ मायनेटवर्क्स या एका ओळीचा आहे. या यादीत ज्याचा आयपी आहे, त्याला पोस्टफिक्स पासवर्ड विचारत नाही आणि तो जगात कोणालाही मेल पाठवू शकतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशी यादी करायची पद्धतच नव्हती. कोणीही कोणाच्याही सर्व्हरवरून मेल पुढे पाठवावा, हा शेजारधर्म समजला जायचा. स्पॅमवाल्यांनी त्याची वाट लावली आणि १९९८ साली सेंडमेल या मेल सर्व्हरच्या ८.९ आवृत्तीत रिले मुळातच बंद येऊ लागला. वीत्सा वेनेमांचा पोस्टफिक्स त्याच वर्षी लोकांसमोर आला, तोही दार बंद ठेवूनच. त्यामुळे आज कुठला पोस्टफिक्स ओपन रिले, म्हणजे कोणाचाही मेल पुढे पाठवणारा, झालेला दिसला, तर ते माणसाच्याच हातचं काम असतं.

नव्या पोस्टफिक्समध्ये, म्हणजे ३.० पासून पुढे, यादी दिली नाही तर तो फक्त स्वतःच्या मशीनवर विश्वास ठेवतो. त्याआधीच्या आवृत्त्या अख्ख्या सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या सगळ्या मशीनवर, ठेवायच्या. भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) याचा अर्थ शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकांवरही विश्वास. जुनी मेन डॉट सीएफ वर्षानुवर्षं कॉपी होत आली असेल, तर मायनेटवर्क्स_स्टाइल ही ओळ शोधा. तिथे सबनेट दिसलं तर काढून टाका.

यादीत काय लिहायचं? डेबियन-उबुंटूनं आधीच घातलेले लूपबॅकचे, म्हणजे मशीननं स्वतःशीच बोलायच्या पत्त्यांचे, तुकडे तसेच ठेवा, आणि त्यापुढे मशीनचे पत्ते एकेक करून द्या:

मायनेटवर्क्स = (आधीचे लूपबॅक) १९२.१६८.१.२० १९२.१६८.१.३५

यातला २० ईआरपीचा आणि ३५ झेरॉक्स मशीनचा. बॅकअप पोस्टफिक्सच्याच मशीनवर चालत असेल तर तो लूपबॅकमध्ये येतो. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून हे पत्ते पक्के करा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर झेरॉक्स मशीनला नवा आयपी मिळतो आणि ३५ नंबर कोणाच्यातरी मोबाइलला जातो.

अख्खं १९२.१६८.१.०/२४ देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. देऊ नका. त्या रेंजमध्ये पाहुण्यांचे फोन असतात, अकाउंटंटचा घरून आणलेला लॅपटॉप असतो, आणि कधीच अपडेट न झालेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो. यातल्या एकाला लागण झाली की तुमचं रिलेचं खातं त्याच्या हातात. माणसांच्या लॅपटॉपना या यादीत यायचं काही कारणच नाही. त्यांचे मेलबॉक्स क्लाउडवर आहेत, त्यांनी तिथूनच लॉगिन करून पाठवावं.

लिहिताना दोन गोष्टी नडतात. पोस्टफिक्समध्ये ओळीच्या शेवटी कॉमेंट चालत नाही. पत्त्यापुढे हॅश टाकून ‘झेरॉक्स मशीन’ असं लिहिलंत तर ते शब्दही पत्ते समजून वाचले जातात. कॉमेंट वेगळ्या ओळीवर लिहा. दुसरं, १९२.१६८.१.५/२४ असं लिहिलंत तर तो तक्रार करतो, कारण /२४ असेल तर शेवटचा आकडा शून्यच हवा. एकट्या मशीनला स्लॅश लावूच नका.

आणि ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ हा मेसेज दिसला की कोणीतरी कुठून तरी शोधून आणतो: मायनेटवर्क्समध्ये ०.०.०.०/० टाका, चालेल. चालतं, अगदी लगेच. मग संध्याकाळपर्यंत क्यूमध्ये (थांबलेल्या मेलच्या रांगेत) भलत्याच भाषांतले हजारो मेल दिसतात.

यानंतरची ओळ:

एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

सासल म्हणजे लॉगिन तपासायची पद्धत. मुळातल्या सेटिंगमध्ये शेवटचा शब्द रिजेक्टऐवजी डिफर असतो. म्हणजे परक्याला कायमचा नकार न देता ‘नंतर ये’ असं सांगितलं जातं. सेटिंग चालू असताना तेच बरं, कारण तुमची चूक असली तरी मेल मरत नाही. सगळं जमल्यावर रिजेक्ट करा. क्रम मात्र बदलू नका. नियम डावीकडून उजवीकडे तपासले जातात आणि पहिला जो लागू पडेल तो निकाल.

आता ज्यामुळे नीट लिहिलेली यादीही फसते ते. पोस्टफिक्सला समोरच्याचा पत्ता जसा दिसतो, त्यावरच सगळा विश्वास उभा आहे. राउटरवर २५ पोर्ट आतल्या सर्व्हरकडे फॉरवर्ड केलं असेल आणि राउटर सोर्स पत्ताही बदलत असेल, तर बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन राउटरच्या आतल्या पत्त्यावरून, म्हणजे १९२.१६८.१.१ वरून, आल्यासारखं दिसतं. सोसायटीच्या गेटमधून येणारा प्रत्येक जण वॉचमनचाच शर्ट घालून आत यावा, तसं. यादीत अख्खं सबनेट असेल तर राउटर त्यात आलाच, आणि त्याच्यामागून सगळं जग. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या डॉकरमध्येही हेच होतं. कंटेनरचं पोर्ट बाहेर उघडल्यावर काही मांडण्यांत येणारं प्रत्येक कनेक्शन ब्रिजच्या गेटवेवरून, साधारणपणे १७२.१७.०.१ वरून, आलेलं दिसतं. आणि लोकांनी तर ‘कंटेनर एकमेकांशी बोलायला हवेत’ म्हणून १७२.१६.०.०/१२ यादीत टाकलेलं असतं.

एका गोदामात हे पाहिलंय. मेन डॉट सीएफ अगदी आदर्श, ओपन रिले तपासणाऱ्या साइटवर निकाल मात्र लाल. मेल लॉगमध्ये ‘कनेक्ट फ्रॉम अननोन’ शोधल्यावर दिवसभराच्या हजारो ओळींत कंसातला पत्ता एकच होता, राउटरचा. निदान पाच मिनिटांत झालं, फायरवॉलवाल्याला पटवण्यात मात्र आठवडा गेला. म्हणून तुमच्या लॉगमध्ये त्या ओळी आत्ताच बघा. कंसात वेगवेगळे पत्ते दिसायला हवेत आणि त्यात राउटर नसावा.

तुमच्या बाबतीत सोपा उपाय आहे. डोमेनचे मेलबॉक्स क्लाउडवर, म्हणजे बाहेरून या मशीनवर मेल यायचं काही कारणच नाही. राउटरवरचं २५चं पोर्ट फॉरवर्डिंग पूर्ण काढून टाका. मग इनेट_इंटरफेसेसमध्ये लूपबॅक आणि सर्व्हरचा आतला पत्ता एवढेच द्या. हे सेटिंग बदलल्यावर नुसतं रीलोड पुरत नाही, पोस्टफिक्स थांबवून परत सुरू करावा लागतो.

विश्वासातली मशीनही बिघडतात. ईआरपीमध्ये कोणी चुकून लूप लावला, की एकाच गिऱ्हाइकाला हजार बिलं जातात. यासाठी एसएमटीपीडी_क्लायंट_मेसेज_रेट_लिमिट आहे, मिनिटाला एका पत्त्यावरून किती मेल घ्यायचे ते ठरवणारं. पण ते लावून लोक निर्धास्त होतात आणि त्याचा काही उपयोगच होत नाही, कारण या मर्यादांमधून मायनेटवर्क्समधल्या सगळ्यांना मुळातच सूट असते. ती सूट एसएमटीपीडी_क्लायंट_इव्हेंट_लिमिट_एक्सेप्शन्स या ओळीत असते. तिथे फक्त लूपबॅक ठेवा, मग मर्यादा ईआरपीला लागते. आकडा मात्र सढळ हातानं द्या. मर्यादा ओलांडल्यावर ४५० देऊन ‘नंतर या’ सांगितलं जातं, आणि झेरॉक्स मशीन किंवा जुना ईआरपी नंतर परत येत नाही. त्यांचा मेल तिथेच संपला.

त्याच मशीनवर वेबसाइट असेल तर मायनेटवर्क्स काहीच वाचवू शकत नाही, कारण हॅक झालेला संपर्काचा फॉर्म लोकलहोस्टवरूनच मेल सोडतो. वेबसाइट वेगळ्या मशीनवर न्या. ते शक्यच नसेल तर ऑथराइज्ड_सबमिट_यूझर्समध्ये सेंडमेल कमांड कोणते यूझर वापरू शकतात ते लिहा आणि वेब सर्व्हरचा यूझर त्यातून वगळा.

आता दुसरं काम, मेल कोणाच्या हवाली करायचे. मेलबॉक्स ज्यांच्याकडे आहेत त्यांचाच एसएमटीपी वापरायचा, की मेल पाठवण्याची वेगळी सेवा घ्यायची? रोजचे शे-दोनशे मेल असतील तर मेलबॉक्सवाल्यांकडेच एक स्वतंत्र खातं काढा. मालकांच्या किंवा एचआरच्या खात्याचा पासवर्ड सर्व्हरवर ठेवू नका. गूगलचं साधं खातं असेल तर टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा चालत नाही. बिलं आणि पगाराच्या स्लिपा हजारांत जाणार असतील तर अ‍ॅमेझॉन एसईएससारखी सेवा बरी, मुंबईतही तिचं केंद्र आहे. सुरुवातीला ती सँडबॉक्समध्ये ठेवते: दिवसाला २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही आधी पडताळून घेतलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी हे कळणं महागात पडतं.

मेन डॉट सीएफमध्ये या ओळी:

रिलेहोस्ट = [पुरवठादाराचा होस्ट]:५८७
एसएमटीपी_सासल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपी_सासल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/सासल_पासवर्ड
एसएमटीपी_सासल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = सिक्युअर
एसएमटीपी_टीएलएस_सीएफाइल = (सिस्टिमची सर्टिफिकेटांची एकत्र फाइल)

चौकोनी कंस शोभेचे नाहीत. कंस नसतील तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (त्या नावाचे मेल घेणारा सर्व्हर) शोधतो आणि मेल भलत्याच सर्व्हरच्या दारात नेतो. पासवर्डच्या फाइलमध्ये एकच ओळ: डावीकडे होस्ट, उजवीकडे यूझर, कोलन, पासवर्ड. डावीकडचं नाव रिलेहोस्टच्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, कंस आणि पोर्टसकट. इकडे [होस्ट]:५८७ आणि तिकडे कंसाशिवाय होस्ट:५८७ असं असेल तर पासवर्ड सापडत नाही. पोस्टफिक्स त्याबद्दल चकार शब्द न काढता लॉगिनशिवायच मेल द्यायला जातो आणि समोरून ५३० येतो, ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’. बिनचूक पासवर्ड असताना हे दिसलं तर आधी कंस बघा.

फाइल लिहून झाली की पोस्टमॅप चालवा. तो डीबी फाइल बनवतो आणि पोस्टफिक्स तीच वाचतो, तुम्ही लिहिलेली नाही. पासवर्ड बदलला की पोस्टमॅप परत. दोन्ही फाइलना मालक रूट आणि परवानगी ६०० द्या. पोस्टफिक्स ती फाइल अधिकार सोडण्याआधी उघडतो, त्यामुळे त्याला अडचण येत नाही. काही नव्या डिस्ट्रोंमधून हॅश हा प्रकार गेलाय आणि त्याजागी एलएमडीबी आलाय. पोस्टकॉन्फ -एम (लहान एम) चालवलं की तुमच्याकडे काय आहे ते दिसेल.

टीएलएसच्या ओळीत बहुतेक ठिकाणी ‘मे’ किंवा ‘एन्क्रिप्ट’ लिहिलेलं सापडेल. ‘मे’ म्हणजे जमलं तर टीएलएस, नाहीतर उघड्यावर. पासवर्ड पाठवताना हे कदापि नको. ‘एन्क्रिप्ट’ टीएलएसचा आग्रह धरतो, पण सर्टिफिकेट कोणाचं ते तपासत नाही. ‘सिक्युअर’ तेही तपासतो. भरवशाच्या होस्टकडेच मेल द्यायचे असतील तर तो होस्ट तोच आहे ना, हे पाहायलाच हवं. सीएफाइल दिली की चरूटचीही (पोस्टफिक्सला एका फोल्डरपुरतं कोंडण्याची) भानगड राहत नाही, कारण ती फाइल आधीच वाचली जाते. ४६५ पोर्ट वापरणार असाल तर एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड = येस ही ओळ हवी, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात.

लॉगमध्ये ‘नो वर्दी मेक्स फाउंड’ किंवा ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ दिसलं तर सेटिंग ढवळत बसू नका. सासलचं पॅकेज बसवलेलं नाही. डेबियन-उबुंटूवर लिबसासल२-मॉड्यूल्स, रेडहॅटच्या घराण्यात सायरस-सासल-प्लेन.

झेरॉक्स मशीननं पोस्टफिक्सशी टीएलएसशिवाय बोललं तरी चालेल, तुमच्या स्वतःच्या केबलवर. खरं तर अशा मांडणीचा तोच मोठा फायदा. जुन्या मशीनना टीएलएस १.२ येत नाही आणि मायक्रोसॉफ्ट ३६५चा नेहमीचा एसएमटीपी त्याखाली ऐकत नाही. मध्ये पोस्टफिक्स असला की मशीन जुन्या भाषेत बोलतं, पोस्टफिक्स नव्या.

गूगल वर्कस्पेस असेल तर आणखी एक वाट आहे, त्यांचा एसएमटीपी रिले. तिथे पासवर्डऐवजी तुमचा स्थिर आयपी नोंदवता येतो. सोयीचं आहे, पण तो आयपी सगळ्या ऑफिसचा असतो. पोस्टफिक्समध्ये दोनच मशीनना आत घेतलंत आणि तिकडे तो डीव्हीआर थेट गूगलकडे जाऊन तुमच्या नावानं मेल सोडू शकतो. आयपी आणि लॉगिन दोन्हीची अट घाला, किंवा फायरवॉलवर पोस्टफिक्सशिवाय बाकी सगळ्यांची त्या रिलेकडची वाट बंद करा. या रिलेला ईएचएलओमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या पहिल्या नमस्कारात, ‘लोकलहोस्ट’ असं नाव गेलेलं खपत नाही, ४२१ देऊन कनेक्शन तोडलं जातं. मायहोस्टनेममध्ये खरं, पूर्ण नाव हवं.

इथवर आल्यावर जीमेलवर पाठवलेला टेस्ट मेल पोचतो आणि सगळे खूश होतात. मग तक्रार येते: बाहेर सगळ्यांना जातं, आपल्याच लोकांना नाही. लॉगमध्ये ‘यूझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’. याचं मूळ मायडेस्टिनेशनमध्ये असतं. इन्स्टॉल करताना विचारलेल्या प्रश्नाला कंपनीचं डोमेन लिहून दिलं, की ते त्या यादीत जाऊन बसतं. मग पोस्टफिक्सला वाटतं हे डोमेन माझंच, अकाउंट्स नावाचा यूझर याच मशीनवर असायला हवा. नसला की मेल परत. मायडेस्टिनेशनमध्ये लोकलहोस्ट आणि मशीनचं स्वतःचं नाव यापलीकडे काही ठेवू नका. मशीनचं नावही डोमेनसारखं असू नये, रिले०१ डॉट तुमचं-डोमेन असं काहीतरी द्या. रिले_डोमेन्सलाही हात लावू नका. ते कोणाच्या डोमेनसाठी मेल स्वीकारायचे याचं सेटिंग आहे, नाव ऐकून लोक त्यात पुरवठादाराचं डोमेन घालतात.

नंतरची अडचण पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. बॅकअपची स्क्रिप्ट रूटच्या नावानं मेल पाठवते, पत्ता होतो रूट अ‍ॅट रिले०१. रिलेवाला म्हणतो, हा पत्ता तुझा नाही. एसईएस ५५४ देऊन ‘ईमेल अ‍ॅड्रेस इज नॉट व्हेरिफाइड’ असं म्हणतो, दुसरे कोणी ५५३ देतात. जीमेल नकार देत नाही, गुपचूप फ्रॉम बदलून स्वतःच्या खात्याचा करतो. एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्समध्ये डावीकडे रूटचा पत्ता आणि उजवीकडे तुमच्या डोमेनवरचा खराखुरा पत्ता लिहा. हा बदल मेल बाहेर पडतानाच होतो, लिफाफ्यावर आणि हेडरमध्ये दोन्हीकडे. एकाच ऑफिसात दोन कंपन्या असतील आणि दोन वेगळी रिले खाती वापरायची असतील, तर सेंडर_डिपेंडंट_रिलेहोस्ट_मॅप्स आणि त्याच्या जोडीला एसएमटीपी_सेंडर_डिपेंडंट_ऑथेंटिकेशन बघा. पण एका कंपनीचं नीट चालायला लागल्यावर.

डीएनएसमधल्या एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं त्या नोंदीत, रिलेवाल्याचा इन्क्लूड घाला. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. जुनी ठेवून शेजारी दुसरी टाकलीत तर दोन्ही बाद. तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप लागले तरी तेच. डीकेआयएमची सही रिलेवाल्याकडून तुमच्या डोमेनच्या नावानं करून घ्या, फक्त त्यांच्या नावानं नको, कारण डीमार्कला (फ्रॉमच्या खरेपणाच्या तपासणीला) फ्रॉममधल्या डोमेनशी जुळणी हवी असते. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू एसपीएफ किंवा डीकेआयएम नसलेल्या मेलना उभं करत नाहीत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर दोन्ही हवेत, वर डीमार्कही.

तपासणी दोन ठिकाणांहून करा. स्वॅक्स नावाचं छोटं टूल आहे, ते बसवून यादीतल्या मशीनवरून बाहेरच्या पत्त्यावर एक मेल पाठवा. मग यादीत नसलेल्या लॅपटॉपवरून तोच मेल. दुसऱ्याला ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं पाहिजे, डिफर असेल तर ४५४, रिजेक्ट असेल तर ५५४. तो मेल गेला, तर पहिला गेल्याचा आनंद मानू नका. मोबाइलच्या नेटवरून सर्व्हरच्या बाहेरच्या आयपीच्या २५ पोर्टलाही जाऊन बघा. बऱ्याच मोबाइल नेटवर्कवरही ते बंद असतं, तेव्हा एखादं क्लाउडवरचं मशीन मिळालं तर उत्तम. तिथे कनेक्शनच लागू नये.

लॉगमधल्या ‘स्टेटस=सेंट’चा अर्थ एवढाच की रिलेवाल्यानं मेल घेतला. गिऱ्हाइकाच्या इनबॉक्सचं त्यात काही नाही. पुढचं हवं असेल तर त्या ओळीच्या शेवटी कंसात रिलेवाल्यानं दिलेला आयडी असतो, तो घेऊन त्यांच्या डॅशबोर्डवर शोधा. ‘मेल आलाच नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना हा आयडी फार उपयोगी पडतो.

सेंडमेल, एक्झिम, एक्सचेंज वापरणाऱ्यांसाठी नावं बदलतात, काम तेच राहतं. सेंडमेलमध्ये स्मार्ट_होस्ट आणि अ‍ॅक्सेस फाइल. डेबियनच्या एक्झिममध्ये स्मार्टहोस्टचा पर्याय निवडायचा आणि रिले नेट्समध्ये पत्ते द्यायचे. एक्सचेंजमध्ये सेंड कनेक्टर बाहेरसाठी, आणि ठरावीक आयपींना बांधलेला वेगळा रिसीव्ह कनेक्टर आतल्यांसाठी.

शेवटी तुमची क्यू. इतके दिवस मेल अडकलेत, तेव्हा ती भरलेली असणार. रिले सुरू झाल्या झाल्या पोस्टफिक्स सगळे एकदम ढकलेल, नव्या खात्याची दिवसाची मर्यादा अर्ध्या तासात संपेल, आणि पुरवठादाराच्या डोळ्यांवर पहिल्याच दिवशी याल. म्हणून रिलेहोस्टची ओळ लिहायच्या आधीच पोस्टसुपर -एच ऑल, एच लहान आणि ऑल कॅपिटलमध्ये, चालवून सगळे मेल होल्डवर टाका. मग सेटिंग करा, वरच्या तपासण्या करा. त्यानंतर पोस्टक्यू -पी नं यादी काढा आणि पोस्टकॅट -क्यू नं संशय येईल तो उघडून बघा. पाच दिवसांपेक्षा जुने मुळात राहिलेलेच नसतील, पोस्टफिक्सनं ते परत पाठवून दिले असतील. बिलं कॅपिटल एचनं थोडी थोडी सोडा. मोठा गठ्ठा असेल तर एसएमटीपी_डेस्टिनेशन_रेट_डिले एक सेकंदावर ठेवा, रिलेहोस्ट एकच असल्यानं मग एकामागोमाग एक जातील. बॅकअपचे जुने रिपोर्ट पोस्टसुपर -डी नं उडवा. स्कॅनही उडवा, लोकांनी ते एव्हाना पेनड्राइव्हवरून नेलेले असतात.